जुन्या घरगुती संगणकांचे रंग आजच्या पडद्यावर जसेच्या तसे कसे आणावेत

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरात, मधल्या खोलीत, झेडएक्स स्पेक्ट्रम हा एक जुना ब्रिटिश घरगुती संगणक आणि चौदा इंची रंगीत टीव्ही मी अजून चालता ठेवला आहे. त्याच टेबलावर लॅपटॉप ठेवून मी पहिल्यांदा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, सुरू केला, तेव्हा अक्षर न् अक्षर जागच्या जागी होते. पण दोन्ही पडद्यांवरचा लाल एक नव्हता, पांढरा एक नव्हता, आणि टीव्हीवर जेथे दोन रंग एकमेकांत मुरलेले दिसत होते तेथे लॅपटॉपवर विळीने कापल्यासारखी धारदार कड होती. हा फरक काढण्यासाठी जे करावे लागले ते येथे क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी, कारण पुढचे सारे काम तिच्यावर उभे आहे. जुन्या संगणकाच्या मेमरीत रंग नसतो, तेथे फक्त क्रमांक असतो. स्पेक्ट्रममध्ये २ म्हणजे लाल, पण आपण पाहिलेला लाल हा वाटेत तयार झालेला होता: चिपने त्या क्रमांकाचे व्होल्टेज केले, मॉड्युलेटरने ते रंगवाहक लहरीवर चढवले, टीव्हीतल्या डिकोडरने ते पुन्हा सुटे केले, आणि शेवटी पिक्चर ट्यूबच्या काचेमागच्या फॉस्फरने, म्हणजे चकाकणाऱ्या लेपाने, त्याचा उजेड केला. या प्रत्येक टप्प्यावर रंग थोडा थोडा बदलला. तेच टप्पे त्याच क्रमाने संगणकाकडून करवून घेणे म्हणजे रंगांचे खरे एम्युलेशन. आकडे अगदी बरोबर घेऊनही क्रम उलटला तर रंग चुकतो, आणि मी पाहिलेल्या बहुतेक चुका याच जातीच्या होत्या.

कोणता संगणक आणि कोणती तार

स्पेक्ट्रम आणि कमोडोर ६४ हे दोन्ही १९८२ चे संगणक. त्याच वर्षी आपल्याकडे दूरदर्शनचे राष्ट्रीय प्रक्षेपण रंगीत झाले, आणि भारताने त्यासाठी पॅल पद्धत स्वीकारली: ६२५ रेषा, सेकंदाला ५० क्षेत्रे (एक आड एक रेषांची अर्धी चित्रे), आणि ४.४३३६१८७५ मेगाहर्ट्झची रंगवाहक लहर. ब्रिटनमध्येही रंगाची पद्धत पॅलच असल्यामुळे तिकडच्या संगणकांचे रंग आपल्या टीव्हीला समजत होते. अमेरिकी एनटीएससी पद्धत निराळी आहे; तिची लहर ३.५७९५४५ मेगाहर्ट्झची आणि क्षेत्रे सेकंदाला सुमारे ६०. ॲपल २ सारख्या १९७७ च्या अमेरिकी संगणकाने तर ठिपके त्या लहरीच्या तालात अशा जागी ठेवले की एनटीएससी टीव्ही त्यांनाच जांभळा, हिरवा, निळा वा नारिंगी समजे, आणि दोन ठिपके शेजारी आले की पांढरा दिसे. त्या संगणकासाठी एनटीएससीचा फिल्टर, म्हणजे त्या टीव्हीच्या चित्राची नक्कल करणारी एम्युलेटरमधली सोय, अपरिहार्य आहे. स्पेक्ट्रमच्या खेळावर मात्र तोच फिल्टर लावला, तर आपल्या कोणत्याही टीव्हीवर कधी न दिसलेले इंद्रधनुष्य अक्षरांच्या कडांवर उमटते. आपल्या वाचकांचा संबंध मुख्यतः पॅलशी आहे, म्हणून पुढचे विवेचन पॅलपुरते ठेवतो.

बीबीसी मायक्रोचे प्रकरण आणखी वेगळे. हा १९८१ चा ब्रिटिश संगणक १९८४ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांपर्यंत पोहोचला. त्याला लाल, हिरवा व निळा या तीन वाहिन्यांची सुटी आरजीबी जोडणी होती आणि प्रत्येक वाहिनी एकतर पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असे. त्यामुळे त्याचे आठ रंग म्हणजे ० आणि २५५ यांचीच आठ जुळवाजुळव. मोड २ या त्याच्या चित्रप्रकारातले सोळा ‘रंग’ म्हणजे हे आठ स्थिर आणि आठ लुकलुकणाऱ्या जोड्या. आरजीबी मॉनिटरवर पाहिलेल्या बीबीसीला पॅलचा कोणताही धुरकटपणा लावू नये. पण तोच संगणक शाळेत अँटेनाच्या तारेने टीव्हीला जोडलेला आठवत असेल, तर पॅलचा सारा प्रवास त्यालाही लागू होतो. म्हणून एम्युलेटर उघडण्याआधी स्वतःला विचारावे: मी कोणता संगणक, कोणत्या तारेने, कोणत्या पडद्याला जोडलेला पाहतो आहे? या प्रश्नाचे उत्तर न देता लावलेला प्रत्येक फिल्टर हा अंदाज असतो.

आधी लॅपटॉपचा पडदा ताळ्यावर

पडदाच चुकीचा असेल तर पुढची सगळी गणिते वाया जातात. रात्रीचा पिवळसर प्रकाश, डोळ्यांना आराम देणारी सोय, रंग भडक करणारी सोय आणि आपोआप कमीजास्त होणारी उजळता हे सर्व बंद करावे. पडद्याचे रंगतापमान निवडता येत असेल तर ६५०० केल्विन निवडावे. स्वस्त लॅपटॉपच्या पडद्यावर मान थोडी खाली-वर केली तरी काळा राखाडी होतो, म्हणून पडदा डोळ्यांच्या अगदी समोर, काटकोनात ठेवून बसावे. आमच्याकडे उन्हाळ्यात दारातून येणारा उजेड इतका असतो की दुपारी काळ्याची पातळी ठरवणे अशक्यच होते. हे काम दिवेलागणीनंतर, खोलीत एकच मंद दिवा ठेवून करावे.

गॅमा, म्हणजे आकडा वाढला की उजेड कसा वाढतो ते प्रमाण, तपासण्याची सोपी रीत अशी. एक आड एक काळी आणि पांढरी अशा एका पिक्सेल उंचीच्या आडव्या रेषांचा एक चौकोन कोणत्याही चित्र काढण्याच्या प्रोग्राममध्ये करावा आणि त्याच्या शेजारी लाल, हिरवा, निळा तिन्ही १८८ असलेला एकसंध राखाडी चौकोन ठेवावा. चित्र मोठे वा लहान न करता, मूळ आकारात, पाच-सहा फुटांवरून पाहावे. दोन्ही चौकोन सारख्याच उजेडाचे दिसले तर पडद्याचा गॅमा ठीक आहे. येथे १२८ न घेता १८८ का घेतले, हे ज्याला कळले त्याला या लेखातला अर्धा भाग कळला: २५५ च्या मापातले आकडे हे व्होल्टेजसारखे असतात, उजेडासारखे नसतात. पिक्चर ट्यूबमध्ये व्होल्टेज निम्मे केले तर उजेड निम्मा होत नाही. तो साधारण २.२ ते २.४ व्या घाताने उतरतो, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. आजचे पडदेही जवळपास हीच वक्ररेषा पाळतात. पुढे मी ‘व्होल्टेजचे माप’ आणि ‘उजेडाचे माप’ असे दोन शब्द वापरणार आहे, ते या अर्थाने.

रंगांचे आकडे: स्पेक्ट्रम

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा आहे. त्यात ८ गुणिले ८ ठिपक्यांच्या प्रत्येक घराला रंगाचा एकच बाइट मिळतो: तीन बिट शाईचे (पेटलेल्या ठिपक्यांचा रंग), तीन कागदाचे (मागचा रंग), एक उजळपणाचा आणि एक लुकलुकण्याचा. ठिपक्यांना ६१४४ बाइट आणि रंगांना ७६८, एकूण ६९१२. उजळ काळा आणि साधा काळा एकच असल्याने रंग पंधरा होतात. त्यांचे क्रमांक मोठ्या विचाराने लावलेले आहेत: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. हा क्रम उजेडाच्या चढत्या पायऱ्यांचा आहे, त्यामुळे कृष्णधवल टीव्हीवर तेच आठ रंग राखाडीच्या आठ पायऱ्या होऊन दिसतात. त्या काळी आमच्या भागात कृष्णधवल टीव्हीच अधिक होते आणि स्पेक्ट्रमचे खेळ त्यांच्यावरही नीट खेळता येत ते यामुळे. हीच आपली पहिली चाचणी ठरते. एम्युलेटरमधला रंगगडदपणा शून्यावर आणावा आणि आठ पट्टे काढून पाहावेत. पायऱ्या एकामागून एक चढत गेल्या पाहिजेत. दोन पट्टे एकसारखे दिसले किंवा लाल निळ्यापेक्षा काळपट दिसला, तर तेजसंकेताचे सूत्र चुकीचे आहे.

सूत्र हे: तेज म्हणजे ०.२९९ पट लाल, अधिक ०.५८७ पट हिरवा, अधिक ०.११४ पट निळा. या तेजाला वाय म्हणतात. निळ्यातून वाय वजा करून ०.४९३ ने गुणले की यू मिळतो; लालातून वाय वजा करून ०.८७७ ने गुणले की व्ही मिळतो. परत येताना लाल म्हणजे वाय अधिक १.१४० पट व्ही. निळा म्हणजे वाय अधिक २.०३२ पट यू. आणि हिरवा म्हणजे वाय वजा ०.३९५ पट यू वजा ०.५८१ पट व्ही. पॅलचे सारे गणित एवढेच आहे आणि ते साध्या स्प्रेडशीटमध्येही बसते.

साध्या, म्हणजे उजळ नसलेल्या रंगांचे व्होल्टेज उजळ रंगांच्या सुमारे ८५ टक्के असते, म्हणून २५५ च्या मापात ते २१५ च्या आसपास घ्यावे. काही एम्युलेटर येथे १९२ घेतात. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण उजेडाच्या मापात ८५ टक्के व्होल्टेज म्हणजे सुमारे ७० टक्के उजेड, आणि १९२ म्हणजे सुमारे ५४ टक्के. साधा पांढरा कागद मळकट राखाडी दिसत असेल तर दोष बहुधा येथे असतो.

आता एक उदाहरण पुरते करून पाहू. साधा लाल म्हणजे लाल ०.८५, बाकी शून्य. वाय आला ०.२५४, यू आला उणे ०.१२५ आणि व्ही आला ०.५२३. टीव्हीचे रंगाचे बटण थोडे कमी आहे असे समजून यू आणि व्ही दोन्ही ०.९ ने गुणावेत. परत आल्यावर लाल ०.७९, हिरवा ०.०२६ आणि निळा ०.०२५, म्हणजे २५५ च्या मापात साधारण २०२, ७ आणि ६. लाल थोडा उतरला आणि त्यात किंचित पांढरा मिसळला. पॅलेटमधल्या, म्हणजे एम्युलेटरच्या रंगयादीतल्या, लालाचा आकडा सरळ २१५ वरून १९४ वर आणला असता, तर असा परिणाम मिळाला नसता. तो लाल काळपट झाला असता. म्हणून रंगगडदपणा नेहमी यू-व्ही मध्ये बदलावा, आरजीबीच्या आकड्यांना हात लावू नये. रंगछटा फिरवणारे टिंटचे बटण तर पॅलमध्ये शून्यावरच ठेवावे. ते बटण एनटीएससीच्या गरजेतून आलेले आहे. पॅलची रचनाच अशी आहे की वाटेत ढळलेली छटा आपोआप सावरते.

स्पेक्ट्रमच्या सुरुवातीच्या बोर्डांवर रंगांचा तोल लावण्यासाठी दोन छोटे ट्रिमर (फिरवून जुळवायचे स्क्रू) असत, पुढच्या बोर्डांवरून ते काढले गेले. एकाच नावाच्या दोन यंत्रांचे पांढरे रंग थोडे निराळे दिसू शकतात, ते यामुळेही. आपल्या आठवणीतला पांढरा किंचित पिवळट वा हिरवट असेल, तर ती आठवण खोटी ठरवण्याची घाई करू नये.

कमोडोर ६४: मोजलेला नव्हे, काढलेला पॅलेट

कमोडोरचे सोळा रंग आरजीबीतून जन्मलेलेच नाहीत. त्याची व्हीआयसी-२ ही चिप प्रत्येक रंगासाठी थेट एक तेजपातळी आणि रंगवर्तुळावरचा एक कोन देते. रंगगडदपणा सर्व रंगांना जवळपास सारखाच असतो. म्हणून छायाचित्रातून उचललेले आकडे वापरण्यापेक्षा चिपच्या वागण्यातून गणिताने काढलेला पॅलेट घ्यावा. फिलिप टिमरमान यांनी असे काम केले असून व्हाइस या कमोडोर एम्युलेटरमध्ये ‘पेप्टो’ आणि ‘कोलोडोर’ या नावांचे पॅलेट मिळतात. मी कोलोडोर वापरतो.

रंगवर्तुळाचे येथे २२.५ अंशांचे सोळा भाग पडतात. लाल आणि आकाशी, जांभळा आणि हिरवा, निळा आणि पिवळा हे समोरासमोर येतात. काळ्याला शून्य आणि पांढऱ्याला ३२ धरले तर नंतरच्या चिपांमध्ये तेजाच्या पातळ्या अशा जोडीजोडीने आहेत: निळा व तपकिरी ८, लाल व गडद राखाडी १०, जांभळा व नारिंगी १२, मधला राखाडी व फिकट निळा १५, हिरवा व फिकट लाल १६, आकाशी व फिकट राखाडी २०, पिवळा व फिकट हिरवा २४. अगदी पहिल्या चिपांमध्ये नऊऐवजी पाचच पातळ्या होत्या, त्यामुळे तेच चित्र जुन्या चिपेवर वेगळे दिसते. एम्युलेटरमध्ये चिपचा प्रकार निवडता येतो तो यासाठी.

नारिंगीबद्दल एक सूचना द्यावीशी वाटते. ३२ पैकी १२ एवढेच तेज असलेला हा रंग वरुड-मोर्शीच्या संत्र्यासारखा कधीच दिसणार नाही; तो भाजलेल्या विटेच्या जवळ जातो. अनेक जण पॅलेट ‘सुधारून’ त्याला संत्र्यासारखा करतात. तसे केले की जांभळ्याशी असलेली त्याची तेजाची जोडी मोडते, आणि त्या काळच्या चित्रकारांनी ज्यावर भरवसा ठेवला होता ती युक्ती बिघडते. ही युक्ती काय, ते पुढच्या भागात येते.

पॅलचा प्रवास: रंग कोठे मुरतो

पॅलमध्ये व्ही संकेताचे चिन्ह एक आड एक रेषेला उलटते, आणि टीव्हीतील ६४ मायक्रोसेकंदांची विलंबरेषा मागच्या रेषेचा रंगसंकेत जपून ठेवून चालू रेषेच्या रंगाशी त्याची सरासरी काढते. वाटेत छटा ढळली तर एका रेषेतली चूक दुसऱ्या रेषेतल्या उलट चुकीने खोडली जाते आणि फक्त रंग थोडा फिका होतो. पण याचा दुसरा परिणाम असा की दोन लागोपाठच्या रेषांचे रंग एकमेकांत मिसळतात, तेज मात्र मिसळत नाही.

कमोडोरवर एक रेषा जांभळी आणि पुढची नारिंगी अशी आखणी केली, तर दोन्हींचे तेज १२ च असल्याने डोळ्याला रेषा दिसतच नाहीत. कोन ४५ आणि १३५ अंश. त्यांची सरासरी ९० अंशांवर येते आणि गडदपणा ०.७१ पट होतो. सोळा रंगांत कोठेही नसलेला, मंद लालसर असा एक सतरावा रंग पडद्यावर तयार होतो. निळा आणि तपकिरी यांनीही असेच करता येते, पण ते वर्तुळात जवळजवळ समोरासमोर असल्यामुळे गडदपणा पाचव्या हिश्श्यावर येतो आणि रंग राखाडीकडे झुकतो. विलंबरेषेचे अनुकरण नसलेल्या एम्युलेटरवर अशा चित्रात नुसते पट्टे दिसतात. ही सरासरी व्होल्टेजच्या मापातच काढली पाहिजे, कारण टीव्हीत ती ट्यूबच्या आधी, तारांमध्येच घडते. व्हाइसमध्ये पॅलच्या विषम रेषांची कला (फेज) आणि विचलन (ऑफसेट) यांसाठी वेगळी मापे आहेत. ती सुरुवातीला मूळ ठिकाणीच राहू द्यावीत.

स्पेक्ट्रमवर हीच चाचणी अधिक सोपी आहे, आणि माझी ती आवडती आहे. कॅसेटवरून प्रोग्राम चढताना चित्राभोवतीच्या बॉर्डरवर आधी लाल-आकाशी आणि मग निळे-पिवळे पट्टे धावतात. या दोन्ही जोड्या एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध आहेत. लाल पट्टा संपून आकाशी सुरू होताना पहिल्या रेषेवर मागचा लाल आणि नवा आकाशी यांचा रंगसंकेत एकमेकांना पूर्ण खोडतो. तेज मात्र आकाशीचे असते, म्हणून ती एक रेषा राखाडी दिसते. खऱ्या टीव्हीच्या अगदी जवळ गेल्यावर ही राखाडी रेघ दिसते. चित्र थांबवून एम्युलेटरवर ती दिसते का, हे पाहावे. दिसली तर विलंबरेषा नीट बसली आहे.

आडव्या दिशेने गोष्ट निराळी आहे. रंगसंकेताची रुंदी साधारण १.३ मेगाहर्ट्झ धरली, तर त्यात ओळखू येणारा सर्वांत लहान रंगीत तुकडा सुमारे ३८५ नॅनोसेकंदांचा असतो. स्पेक्ट्रमचा एक ठिपका ७ मेगाहर्ट्झच्या घड्याळाने १४३ नॅनोसेकंदांचा आहे, म्हणजे रंग पावणेतीन ठिपक्यांवर पसरतो, तर तेज त्याहून कितीतरी धारदार राहते. म्हणून संपूर्ण चित्र धूसर करणारा फिल्टर लावणे चूक आहे. यू आणि व्ही पसरवावेत, वाय जवळजवळ तसाच ठेवावा. फ्यूज या स्पेक्ट्रम एम्युलेटरमध्ये ‘पॅल टीव्ही’ नावाचे फिल्टर आहेत, ते हेच करतात. अनेक एम्युलेटर एकत्र चालवणारा रेट्रोआर्क हा प्रोग्राम वापरणाऱ्यांनी शेडरच्या, म्हणजे चित्रावर एकामागून एक प्रक्रिया करणाऱ्या छोट्या प्रोग्रामांच्या, साखळीत पॅलचा शेडर आधी आणि ट्यूबचा शेडर नंतर ठेवावा.

पिक्चर ट्यूब: येथून पुढे उजेडाचे माप

डिकोडरमधून बाहेर पडलेले आरजीबी ट्यूबमध्ये गेले की ते उजेड होतात. म्हणून या ठिकाणी प्रत्येक वाहिनी गॅमाच्या घाताने उजेडाच्या मापात आणावी, रेषांमधला अंधार, किरणाचा पसारा, फॉस्फरची जाळी आणि काचेवरची आभा हे सर्व त्या मापात करावे, आणि अगदी शेवटी ते परत पडद्याच्या मापात न्यावे. हा क्रम का सांभाळायचा, ते एका हिशेबाने दिसते. मूळ एका रेषेच्या तीन रेषा केल्या आणि तिसरीचा उजेड निम्मा केला, तर सरासरी उजेड ८३ टक्के राहतो. तेच काम व्होल्टेजच्या मापात, म्हणजे २५५ चे १२८ करून केले, तर तिसऱ्या रेषेत पाचवा हिस्सा उजेड उरतो आणि सरासरी ७४ टक्क्यांवर येते. चित्र विनाकारण काळवंडते, मग माणूस उजळता वाढवतो, आणि काळा राखाडी होतो.

स्पेक्ट्रम आणि कमोडोर प्रत्येक वेळी ३१२ रेषा एकाच जागी काढतात, म्हणून रेषांमध्ये अंधार राहतो. बीबीसीचा मोड ७ मात्र इंटरलेस वापरतो, म्हणजे एक आड एक वेळी रेषा मधल्या फटींत काढतो; त्यावर हाच रेषांचा परिणाम लावू नये. खऱ्या ट्यूबमध्ये उजळ रेषा जाड आणि मंद रेषा बारीक असते, त्यामुळे पांढऱ्या भागात अंधाराच्या फटी जवळजवळ बुजतात. सगळीकडे सारखीच काळी पट्टी ओढणारा शेडर म्हणूनच खोटा वाटतो. सीआरटी-गेस्ट-ॲडव्हान्स्ड आणि सीआरटी-रॉयाल हे शेडर हे नीट करतात, पण जुन्या लॅपटॉपला ते पेलत नाहीत. तेथे सीआरटी-पाय चालवावा. फॉस्फरची जाळी दाखवण्याचा आग्रह कमी उंचीच्या पडद्यावर धरू नये. एका रेषेला तीन-चार पिक्सेल मिळत असताना काढलेली जाळी रंगांवर हिरव्या-जांभळ्या झाका आणते.

फॉस्फरच्या रंगांबाबत पॅलवाल्यांचे नशीब चांगले आहे. युरोपीय मानकातले लाल, हिरवा आणि निळा आजच्या पडद्यांच्या एसआरजीबी या मानकाच्या जवळजवळ बरोबरीचे आहेत. हिरव्याचा एक निर्देशांक ०.२९ ऐवजी ०.३० आहे, एवढाच काय तो फरक. दोन्हींचा पांढराही ६५०० केल्विनचाच. त्यामुळे फॉस्फरचे रूपांतर सोडून दिले तरी चालते.

आकार, बॉर्डर आणि वेळ

ठिपका चौरस नव्हता. पॅलमध्ये चौरस ठिपक्याचे घड्याळ ७.३७५ मेगाहर्ट्झ धरले तर स्पेक्ट्रमचा ठिपका १.०५ पट रुंद, कमोडोरचा ०.९४ पट आणि बीबीसीच्या मोड १ मधला ०.९२ पट येतो. गोल हा गोल दिसण्यासाठी हे प्रमाण ठेवावे. उभ्या दिशेने मात्र पूर्ण पटीनेच वाढवावे, नाहीतर काही रेषा जाड आणि काही बारीक होतात. आपल्याकडच्या बऱ्याच लॅपटॉपची उंची ७६८ पिक्सेल असते: स्पेक्ट्रमच्या १९२ रेषा आणि वर-खाली ३२-३२ रेषांची बॉर्डर मिळून २५६ होतात, आणि त्याची तिप्पट बरोबर ७६८. उंची १०८० असेल तर २७० रेषा घेऊन चौपट करावी. बॉर्डर कापून टाकू नये. तिच्या रंगाने मधल्या रंगांचा भास बदलतो.

स्पेक्ट्रमची एक रेषा प्रोसेसरच्या २२४ ठोक्यांची आणि एक चित्र ६९,८८८ ठोक्यांचे असते. ३५ लाखांना त्याने भागले की सेकंदाला ५०.०८ चित्रे येतात. रेषेगणिक रंग बदलणारे प्रोग्राम या हिशेबावर चालतात, म्हणून एम्युलेटरमधली अचूक वेळेची सोय चालू ठेवावी. पडदा ५० हर्ट्झवर चालत असेल तर तो तसा लावावा, कारण ६० वर दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवले जाते आणि सरकते चित्र अडखळते.

शेजारी ठेवून ताडणे

खरा टीव्ही मिळाला तर त्याहून चांगला शिक्षक नाही. तालुक्याच्या गावात टीव्ही मेकॅनिककडे किंवा भंगारवाल्याकडे चालू ट्यूबचा टीव्ही अजून मिळतो. त्याचे मागचे झाकण स्वतः उघडू नये. ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या वरचा भार असतो आणि तो वीज बंद केल्यावरही काही काळ राहतो. टीव्ही अर्धा तास तापू द्यावा. स्टॅबिलायझर लावावाच, कारण आमच्याकडे संध्याकाळी कूलर आणि वावरातले पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरते, चित्र आत आकसते आणि त्याबरोबर उजेडही बदलतो. टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून ठेवू नये. त्याच्या स्पीकरच्या लोहचुंबकाने पडद्यावर रंगीत डाग येतात.

दोन्ही पडद्यांवर प्रत्येकी चार अक्षरे रुंदीचे आठ पट्टे काढावेत, वरचा अर्धा उजळ आणि खालचा साधा. काळ्या कागदाला एक लांब फट पाडून ती आळीपाळीने दोन्ही पडद्यांवर धरावी, म्हणजे डोळा एका वेळी एकाच रंगावर राहतो. आधी काळा जुळवावा, मग पांढरा, मग साध्या आणि उजळ पांढऱ्यातले अंतर, आणि शेवटी रंगगडदपणा. पांढऱ्यासाठी मी दिवसा सरकी काढलेला मूठभर कापूस सावलीत धरून पाहतो. मोजमाप म्हणून तो उपयोगाचा नाही, पण टीव्हीचा पांढरा किती निळसर आहे हे त्याने चटकन लक्षात येते. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर विसंबू नये. तो प्रत्येक फोटोत पांढऱ्याचा तोल बदलतो आणि ट्यूबवर काळे पट्टे आणतो. फोटो काढायचाच तर तोल पक्का करून शटर एक पंचविसांश सेकंदावर ठेवावे.

येथे एक निर्णय घ्यावा लागतो. आमच्या घरी रंगाचे बटण कायम वरच्या टोकाला असे, कारण रंगीत टीव्ही घेतला तर तो रंगीत दिसलाच पाहिजे, असे वडिलांचे मत होते. तो भडक लाल माझ्या आठवणीतला खरा लाल आहे, पण चित्र काढणाऱ्याला अपेक्षित असलेला तो नव्हे. म्हणून मी दोन प्रोफाइल वेगळे जपून ठेवले आहेत. पहिल्यात सर्व आकडे मानक पॅलचे आहेत आणि नवे काहीही तपासताना मी तेच वापरतो. दुसऱ्यात यू आणि व्ही १.२ पट, पांढरा थोडा निळसर आणि रंग तेजाच्या मानाने अर्धा ठिपका उजवीकडे सरकलेला आहे. प्रत्येक बदलाची तारीख, त्या वेळचे व्होल्टेज आणि टीव्हीच्या बटणांची जागा मी वहीत लिहून ठेवतो, म्हणजे ट्यूब आणखी मंदावली तरी आजचा लाल कोणता होता हे आकड्यांत शिल्लक राहील.